१९३७ : सूर मागे ठेवून गेलेली माणसे

२ जून १९३७ ची संध्याकाळ. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये, मुख्य प्रवेशद्वारावरील सज्जात, भव्य ऑर्गनसमोर एक सहासष्ट वर्षांचा, जन्मापासून जवळजवळ अंध असलेला माणूस बसला होता. त्याचे नाव लुई व्हिएर्न. १९०० सालापासून, म्हणजे सदतीस वर्षे, तो या मंदिराचा ऑर्गनवादक होता. हा त्याचा १७५० वा जाहीर कार्यक्रम असल्याचे सांगितले जाते. शेजारी त्याचा तरुण मित्र मोरीस द्युरुफ्ले मदतीला उभा होता. व्हिएर्नने आपली एक नवी रचना वाजवली. तिचा अखेरचा भाग एका मृत बालकाच्या स्मृतिशिलेला अर्पण केलेला होता. आता राहिले होते फक्त उत्स्फूर्त वादन. श्रोत्यांच्या वतीने दिलेली सुरावट ब्रेल लिपीत त्याच्या हाती ठेवण्यात आली. त्याने बोटांनी ती वाचली, हवे ते स्वर निवडले आणि तो एकाएकी पुढे कलंडला. त्याचा पाय खालच्या पट्टीवर पडला आणि मंद्र सप्तकातला एकच स्वर त्या दगडी कमानींखाली घुमत राहिला. खाली बसलेल्या श्रोत्यांना क्षणभर वाटले असेल, की वादनाला सुरुवात झाली. प्रत्यक्षात ती अखेर होती.

ऑर्गनसमोरच मरण यावे, असे व्हिएर्न म्हणत असे. ती इच्छा पुरी झाली. पण त्याचे आयुष्य काही इच्छापूर्तीचे नव्हते. पहिल्या महायुद्धाने त्याचा मुलगा आणि भाऊ दोघेही हिरावून घेतले होते. डोळ्यांच्या उपचारांत वर्षे गेली, आणि युरोपातला श्रेष्ठ ऑर्गनवादक म्हणून नाव होऊनही पैशाची चणचण सुटली नाही. ज्या वाद्यावर तो गेला ते मात्र टिकले. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत कॅथेड्रलचे छप्पर जळून कोसळले, तेव्हा त्या ऑर्गनला ज्वाळांची झळ लागली नाही. शिशाच्या धुळीने ते माखले होते. त्याच्या हजारो नळ्या उतरवून, धुऊनपुसून परत बसवण्यात आल्या आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा ते पुन्हा बोलू लागले.

व्हिएर्नचे त्या संध्याकाळचे उत्स्फूर्त वादन मात्र कुणीच कधी ऐकणार नाही. आणि तरीही त्याचे दुसरे काही उत्स्फूर्त वादन आपण आजही ऐकू शकतो. कारण १९२८-२९ च्या सुमारास ओडियन नावाच्या ध्वनिमुद्रिका कंपनीने आपली यंत्रे नोत्र दाममध्ये आणली होती आणि त्याच्या बोटांतून त्या क्षणी जे उमटले ते तबकडीवर उतरवून घेतले होते. पुढे द्युरुफ्लेने ती तबकडी पुन:पुन्हा ऐकून ते वादन स्वरलिपीत लिहून काढले. एका क्षणासाठी जन्मलेले, लिहून न ठेवलेले संगीत वादकाच्या मृत्यूनंतर कागदावर आले. 

१९३७ हे साल मी या लेखासाठी निवडले ते एवढ्यासाठीच. दोन महायुद्धांमधल्या काळातले हे एक वर्ष. स्पेनमध्ये यादवी, चीनवर जपानची स्वारी, जर्मनीत नाझी सत्तेचा कहर. पोप अकरावे पायस यांनी त्याच वर्षी पाम रविवारी जर्मनीतील चर्चांमधून नाझींविरुद्धचे आपले परिपत्रक वाचायला लावले. अशा या वर्षी संगीताच्या जगातली बरीच मोठी माणसे गेली, आणि त्याच वर्षी लोकप्रिय संगीत असे गर्जत होते की, पूर्वी कधी गर्जले नसेल. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्या पिढीपर्यंत गवई गेला की त्याचे गाणेही जात असे. शिष्यांच्या गळ्यात राहील तेवढे राहील. १९३७ मध्ये गेलेल्यांचे तसे झाले नाही. त्यांचा सूर मागे राहिला. तो कुणाचा राहिला, कसा राहिला, आणि सुरामागच्या माणसाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

व्हिएर्नच्या आधी अडीच महिने, १२ मार्च रोजी, त्याचे गुरू शार्ल-मारी विदोर वारले. वय त्र्याण्णव. जानेवारी १८७० मध्ये पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमध्ये त्यांची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली ती तात्पुरती म्हणून. कायम करण्याचे कुणाला सुचलेच नाही. चौसष्ट वर्षे ते तात्पुरतेच राहिले आणि १९३३ च्या अखेरीस निवृत्त झाले! आपल्या धर्मग्रामांतही असे 'तात्पुरते' मास्तर आणि सेवक वाचकांना आठवतील. विदोर यांच्या पाचव्या सिंफनीचा अखेरचा भाग, ज्याला 'टोकाटा' म्हणतात, तो आजही जगभरच्या चर्चमध्ये लग्नविधीनंतर नवदांपत्य बाहेर पडताना वाजतो. १९३२ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी स्वत: तो ध्वनिमुद्रित केला. त्यांच्या वाजवण्याची गती आजच्या वादकांपेक्षा संथ आहे. रचनाकार स्वत: काय म्हणत होता हे आपल्याला ऐकता येते आणि तरीही वादक आपल्या घाईने धावतात, ही गंमतच.

आता पॅरिस सोडून अटलांटिकपलीकडे जाऊ. कारण त्या वर्षी सामान्य माणसाच्या कानावर जे संगीत पडत होते, त्याचे माहेरघर अमेरिका हेच होते.

त्या संगीताला 'स्विंग' म्हणत. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मलेले जाझ संगीत मोठ्या वाद्यवृंदांच्या हाती आले, त्याला नाचण्याजोगी एकसंध लय मिळाली आणि मंदीने पिचलेल्या तरुण पिढीने ते डोक्यावर घेतले. ६ जुलै १९३७ रोजी हॉलिवूडमध्ये बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाच्या वाद्यवृंदाने 'सिंग, सिंग, सिंग' ही रचना मुद्रित केली. त्या काळी तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटेच मावत. ही रचना आठ मिनिटांहून अधिक लांबली, म्हणून ती मोठ्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर घालावी लागली. मूळ गाणे रचणारा लुई प्रिमा हा न्यू ऑर्लिन्समधल्या इटालियन कुटुंबातला. दुसऱ्याच दिवशी न्यू यॉर्कमध्ये काउंट बेसीच्या वाद्यवृंदाने 'वन ओ'क्लॉक जंप' मुद्रित केले. दोन दिवसांत दोन शिखरे. गाण्यांत त्या वर्षी सर्वांत गाजले ते बिंग क्रॉस्बीचे 'स्वीट लेलानी'. क्रॉस्बी हा जेझुइटांच्या गोन्झागा महाविद्यालयाचा विद्यार्थी. पुढे १९४४ च्या 'गोइंग माय वे' चित्रपटात त्याने रंगवलेला फादर जुन्या वाचकांना आठवत असेल. पूर्वीच्या गायकाला नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. क्रॉस्बीने मायक्रोफोनपाशी कानात कुजबुजावे तसे गायला सुरुवात केली, आणि घरोघरी बसलेल्या प्रत्येकाला वाटू लागले की, हा माझ्यासाठीच गातो आहे.

गुडमन हॉलिवूडमध्ये मुद्रण करीत होता, त्याच दिवसांत त्याच गावात जॉर्ज गर्श्विन डोकेदुखीने तळमळत होता.

गर्श्विन हा रशियातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला मुलगा. जन्म २६ सप्टेंबर १८९८, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो संगीत प्रकाशकाच्या दुकानात पियानो वाजवू लागला. गिऱ्हाइकाला नवे गाणे वाजवून दाखवायचे आणि कागद विकायचा, हे काम. तिथून निघून पंचविसाव्या वर्षी, १९२४ मध्ये, त्याने 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' रचली आणि १९३५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या जीवनावरची 'पोर्गी अँड बेस' ही संगीतिका. नाचगाण्याच्या दुनियेतून आलेला हा मुलगा सिंफनीच्या सभागृहात बरोबरीने बसू पाहत होता. १९३० मध्ये त्याच्या 'गर्ल क्रेझी' या नाटकाच्या वाद्यवृंदात तरुण बेनी गुडमन वाजवीत असे. त्या नाटकातल्या 'आय गॉट ऱ्हिदम' या गाण्याचा सांगाडा घेऊन पुढच्या जाझ वादकांनी किती नव्या रचना बांधल्या त्याची गणती नाही.

फेब्रुवारी १९३७ मध्ये लॉस अँजेलिस येथे स्वत:चीच रचना वाजवताना त्याला क्षणभर काही आठवेना. जळत्या रबराचा वास आल्याचे तो सांगू लागला. वैद्यांनी तपासले. त्यांना वाटले, मनाचा आजार आहे, कामाचा ताण आहे. घरच्यांनाही तसेच वाटले. ९ जुलै रोजी तो बेशुद्ध पडला, तेव्हा मेंदूत गाठ असल्याची शंका पक्की झाली. त्या काळचे मोठे मेंदुशल्यचिकित्सक वॉल्टर डँडी चेसापीक उपसागरात नौकेवर सुटीला गेले होते; त्यांना शोधून आणण्यासाठी अमेरिकन नौदलाची जहाजे धाडण्यात आली. एका गीतकारासाठी युद्धनौका निघाव्यात, यावरून त्याची लोकप्रियता कळते. पण उशीर झाला होता. ११ जुलैच्या सकाळी गर्श्विन गेला. वय अवघे अडतीस. त्याचे अखेरचे गाणे 'लव्ह इज हियर टू स्टे' हे एका चित्रपटासाठी होते. त्याचे शब्द त्याचा थोरला भाऊ आयरा याने भावाच्या मृत्यूनंतर लिहिले. गीतकाराने मृत भावाच्या चालीवर, प्रेम टिकून राहते असे लिहायचे, हे सोपे नव्हते. मे महिन्यात पडद्यावर आलेल्या 'शॅल वी डान्स' मधील त्याच्या गाण्याला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि बक्षीस गेले 'स्वीट लेलानी'ला. आज दोन्ही गाणी ऐकून पाहावीत आणि वाचकांनीच ठरवावे. माझे मत मी येथे सांगत नाही, पण ते परीक्षकांच्या बाजूचे नाही.

गर्श्विन १९२८ साली मोरीस रावेल या फ्रेंच रचनाकाराला भेटला होता आणि मला शिकवा म्हणून गळ घालीत होता. रावेलने नकार दिला. उसना रावेल होण्यापेक्षा अस्सल गर्श्विन राहावे, असे काहीसे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. रावेललाही जाझचा लळा होता. त्याच्या व्हायोलिन सोनाटाचा मधला भाग ब्लूजच्या अंगाने रचलेला आहे. नियतीने या दोघांना एकाच वर्षी, एकाच अवयवाच्या दुखण्याने नेले. रावेलचे हाल अधिक क्रूर. मस्तकात संगीत ऐकू येत होते, पण ते लिहून काढण्याची शक्ती गेली होती. नाव सहीत उमटवणेही जड जाई. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, गाठ सापडली नाही, आणि २८ डिसेंबर रोजी तोही गेला.

त्याच जुलैत, २० तारखेला, रोममध्ये गुल्येल्मो मार्कोनी वारला. ज्याच्या यंत्रामुळे क्रॉस्बीचा आवाज घरोघरी पोहोचला, तो माणूस. त्याच्या स्मरणार्थ जगभरच्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण बंद ठेवले. आकाशवाणीच्या शोधकर्त्याला आकाशातल्या शांततेची मानवंदना! १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झालेले व्हॅटिकन रेडिओ त्यानेच उभारले होते. मात्र हाच मार्कोनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचा मानकरी होता, हेही लिहून ठेवले पाहिजे. आणि आपल्याकडे, त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, जगदीशचंद्र बसू गेले. मार्कोनीचे नाव जगाला कळण्याआधी, १८९५ मध्ये, त्यांनी कलकत्त्यात भिंतीपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. विज्ञानाची गोडी त्यांना लागली ती कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात, जेझुइट फादर लाफाँ यांच्या प्रयोगशाळेत. बसूंसाठी जगातली केंद्रे थांबली नाहीत.

आता मी ज्या मृत्यूकडे वळतो, त्याची कथा सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत चुकीची सांगितली गेली.

बेसी स्मिथ ही ब्लूजची सम्राज्ञी म्हणून ओळखली जाई. ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय मजुरांचे, गुलामगिरीची नातवंडे-पतवंडे असलेल्यांचे, दु:खाचे आणि थट्टेचेही गाणे. टेनेसीमधल्या चॅटनूगा गावात, लहानपणीच आईबाप गमावलेली ही मुलगी रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवीत असे. १९२३ मध्ये तिची पहिली तबकडी निघाली आणि लाखांनी खपली. मायक्रोफोन येण्यापूर्वीचा तो काळ. लाकडी-पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. तिच्या आवाजाला कर्णा पुरत नसे. मग मंदी आली, लोकांची आवड बदलली, आणि १९३३ च्या नोव्हेंबरात तिचे अखेरचे मुद्रण झाले. त्या मुद्रणात क्लॅरिनेट वाजवायला बेनी गुडमन येऊन गेला. त्याच आठवड्यात, त्याच निर्मात्याने, गुडमनच्याच साथीने एका अठरा वर्षांच्या मुलीचे पहिले गाणे मुद्रित केले. तिचे नाव बिली हॉलिडे. एक दार मिटले आणि शेजारचे उघडले. निर्मात्याचे नाव जॉन हॅमंड.

२६ सप्टेंबर १९३७, रविवारची पहाट. मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावाजवळ, मेम्फिसहून येणाऱ्या ६१ क्रमांकाच्या महामार्गावर बेसीची मोटार एका मालमोटारीवर आदळली. तिचा उजवा हात कोपरापासून जवळजवळ तुटला. मासेमारीला निघालेला एक गोरा डॉक्टर तेथे आला. त्याने जमेल तेवढे उपचार केले आणि रुग्णवाहिकेला निरोप धाडला. थोड्या वेळाने तिला क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या रुग्णालयात नेण्यात आले. तिथे हात कापावा लागला. सकाळी ती गेली. (वाचकांनी तारीख पुन्हा पाहावी, तो गर्श्विनचा जन्मदिवस होता. तो असता तर एकोणचाळिशीत पदार्पण करता.)

नोव्हेंबरमध्ये जॉन हॅमंडने एका संगीत मासिकात लिहिले, की गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेतले नाही म्हणून रक्तस्रावाने ती मेली, असे कानावर आले आहे. ते त्याने ऐकीव म्हणून लिहिले, पण ते सत्य म्हणून पसरले. अमेरिकन नाटककार एडवर्ड आल्बी याने १९५९ मध्ये त्यावर नाटकही लिहिले. पुढे चरित्रकारांनी त्या डॉक्टरची साक्ष घेतली आणि कळले की, तसे घडलेच नव्हते. ती गोऱ्यांच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत गेलीच नाही. का गेली नाही? दोन्ही रुग्णालयांत अर्ध्या मैलाचेही अंतर नव्हते. पण त्या राज्यात कृष्णवर्णीय जखमी बाईला गोऱ्यांच्या रुग्णालयात न्यावे हा विचारच कोणत्याही चालकाच्या मनात येत नसे. म्हणजे दार लावून घ्यायचीही कुणाला गरज पडली नाही. कथा खोटी ठरली, पण ती खोटी ठरवणारी वस्तुस्थिती अधिक लाजिरवाणी आहे, असे मला वाटते. नकार देणारा एक दुष्ट माणूस सापडला असता तर आपली मने तरी हलकी झाली असती.

आणि खोट्या कथेच्या शेजारीच एक खरी वाटावी अशी कथा त्याच वर्षी घडत होती. १ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या डॅलस शहरात क्लॅरेन्स हॉलिडे हा गिटारवादक फुप्फुसाच्या विकाराने वारला. तो बिली हॉलिडेचा बाप. एकामागून एक रुग्णालयांनी त्याला परत पाठवले आणि अखेर जागा मिळाली तेव्हा वेळ टळून गेली होती, असे बिलीने आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. या बापाने तिच्यासाठी फारसे काही केले नव्हते. नऊ-दहा वर्षांची असताना तिला बाल्टिमोरमधल्या कॅथलिक सिस्टरांच्या सुधारगृहात ठेवण्यात आले. तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला. तरीही, दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, झाडाला टांगून ठार केलेल्या कृष्णवर्णीयांवरचे 'स्ट्रेंज फ्रूट' हे गाणे तिच्यापुढे आले, तेव्हा ते तिला आपल्या बापाच्या मरणाची आठवण करून देणारे वाटले. ते गाणे ती आयुष्यभर गात राहिली. तबकडीवर ऐकताना आजही अंगावर काटा येतो. १९५९ मध्ये तिच्या अंत्यविधीची मिस्सा न्यू यॉर्कच्या संत पॉल प्रेषित चर्चमध्ये झाली.

बेसी स्मिथची अंत्ययात्रा ४ ऑक्टोबर १९३७ रोजी फिलाडेल्फियात निघाली. हजारो माणसे लोटली. दफनानंतर मात्र कबरीवर दगडसुद्धा बसला नाही. दगडासाठी पैसे गोळा झाले, पण ते दगडापर्यंत पोहोचले नाहीत. तबकड्या पुन:पुन्हा निघत राहिल्या, तिचा आवाज देशोदेशी गेला, आणि ज्या देहातून तो निघाला त्याच्या जागेची खूण नव्हती. तेहतीस वर्षे! अखेर ७ ऑगस्ट १९७० रोजी दोन बायकांनी मिळून तिथे शिळा बसवली. एक होती लहानपणी बेसीच्या घरी फरशा पुसणारी ज्युअनिटा ग्रीन आणि दुसरी तरुण गोरी गायिका जॅनिस जॉप्लिन, जिने बेसीच्या तबकड्या ऐकून गाणे शिकले. दोनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरलाच, जॅनिसही गेली.

इतके सगळे दूरदेशीचे. पण हे संगीत मुंबईपर्यंत येऊन पोहोचले होते, आणि ते आणण्यात आपल्याच माणसांचा हात होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंताचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड ही मंडळी आली. मायदेशी ज्यांना पुढच्या दाराने आत घेत नसत, ते येथे साहेबांना आणि संस्थानिकांना नाचवीत होते. त्यांचे वादन कान देऊन ऐकणारे तरुण होते ते गोव्याचे. गोव्यात पोर्तुगीज राजवटीपासून चर्चला जोडून धर्मग्रामाच्या शाळा चालत. तेथे मेस्त, म्हणजे संगीत शिक्षक, मुलांना प्रार्थनांबरोबर सा-रे-ग-म सारखी पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. चर्चमधल्या गायनवृंदासाठी दिलेले हे शिक्षण. पण गावी पोट भरेना, म्हणून पोरे हातात व्हायोलिनची पेटी घेऊन मुंबईला येत. कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजवणारे वादक मुंबईत दुसरीकडे कुठे मिळणार? १९३६ मध्ये फ्रँक फर्नांड आला. मिकी कुरैया यांचा वाद्यवृंद १९३९ पासून ताजमध्ये वाजू लागला. पुढे हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा ठरली. आमच्या काही धर्मगुरूंना तेव्हा वाटले असेल, की पवित्र विद्येचा हा गैरवापर झाला. मला तसे वाटत नाही. गर्श्विनची गाणी आणि गोव्याच्या मेस्तचे संस्कार एकाच व्हायोलिनच्या तारेवर भेटले, यात वाईट काय?

मराठी घरांतही त्या वर्षी नवे सूर शिरत होते. प्रभातचा 'कुंकू' त्याच साली आला. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत घातलेच नाही. घड्याळाचे ठोके आणि भोवतालचे आवाज एवढेच. आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. हे त्या काळी धाडसच होते. संगीत केशवराव भोळे यांचे.

आणि ऑक्टोबर महिन्यात मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गेले.

उत्तर प्रदेशातील कैराना हे त्यांचे गाव, जन्म १८७२ चा. पण आयुष्य घडले ते बडोदे, पुणे, मिरज या आपल्याच मुलखात. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. एका मुसलमान गवयाने काढलेल्या शाळेचे हे नाव! बडोद्याच्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचा संसार झाला आणि मोडलाही. मुले आईबरोबर गेली, त्यांची नावे बदलली. तीच पुढे सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे म्हणून महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचली. बापाचे गाणे त्यांच्या गळ्यात होतेच, पण ते बापाकडूनच आले असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. ही जखम खाँसाहेबांच्या आवाजात ऐकू येते असे रसिक म्हणतात. मी ते खरे मानायला तयार आहे, पण सिद्ध करता येणार नाही.

मिरजेत तंबोरे बनतात. त्या सुरेल तंबोऱ्यांच्या गावी खाँसाहेब स्थायिक झाले. नाजूक, लांबवर तरंगणारा, शब्दांपेक्षा स्वरावर भार देणारा त्यांचा गळा. तरुणपणी, १९०५ च्या सुमारास, ग्रामोफोन कंपनीसाठी ते गायले होते. नंतर अनेक वर्षे यंत्रापासून ते दूरच राहिले. आयुष्याच्या अखेरच्या तीन-चार वर्षांत मात्र त्यांनी पुन्हा गाणी दिली. ती कोणत्या कंपनीसाठी? ओडियनसाठी. ज्या कंपनीने व्हिएर्नच्या ऑर्गनसमोर यंत्रे मांडली होती, तिच्याच शिक्क्याच्या तबकड्यांवर मिरजेचा हा सूर उतरला. तासभर आळवावा असा राग साडेतीन मिनिटांत बसवायचा! भैरवीतली 'जमुना के तीर' ही ठुमरी, 'मानापमान' मधले 'चंद्रिका ही जणू', इतकेच काय त्यागराजांची कर्नाटक कृतीसुद्धा त्यांनी तबकडीवर गायली. भाषा, धर्म, प्रांत यांच्या भिंती त्यांच्या गळ्याला जाणवत नसाव्यात.

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासकडचा कार्यक्रम आटोपून ते आगगाडीने पाँडिचेरीस निघाले होते. वाटेत छातीत कळ येऊ लागली. सिंगपेरुमाल कोइल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले. शिष्यांनी फलाटावर बिछाना अंथरला. शिष्यपरंपरेत सांगतात ते असे, की खाँसाहेबांनी नमाज पढला, तंबोरा जुळवून घेतला, दरबारी कानड्याच्या सुरांत अल्लाचे नाव आळवले आणि मग आडवे झाले ते उठलेच नाहीत. देह मिरजेला आणून ख्वाजा मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. नोत्र दाममधला तो ऑर्गनवादक आणि या रेल्वे फलाटावरचा हा गवई एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांच्या मृत्यूत पाच महिन्यांचेही अंतर नाही. बेसी स्मिथप्रमाणे खाँसाहेबांची कबर विसरली गेली नाही. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई येऊन बसतात आणि तिकिटाविना गातात.

त्यांच्या मृत्यूच्या चार वर्षे आधी, १९३३ मध्ये, धारवाडकडच्या गदगमधल्या अकरा वर्षांच्या एका मुलाने खाँसाहेबांची झिंझोटीतली एक ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असे गाणे आपल्याला आलेच पाहिजे म्हणून घर सोडले. गुरूच्या शोधात तो ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर असे हिंडला. अखेर बापाने त्याला परत आणले आणि खाँसाहेबांचेच शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांच्याकडे तो १९३६ मध्ये शिकायला राहिला. सिंगपेरुमाल कोइलच्या फलाटावर तंबोरा थांबला, त्या ऑक्टोबरात तो पंधरा वर्षांचा होता. कुंदगोळला गुरुगृही पाणी भरीत होता आणि पहाटे उठून षड्ज लावीत होता. त्याचे नाव भीमसेन जोशी.